घागरीत काय होतं

"बोट पुढं कर," त्या बाई म्हणाल्या.

मी वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी आईकडे. मुलगी बघायला आलेली माणसं चालून दाखव म्हणतात, भाकरी थापता येते का विचारतात, कुणी केस सोडून बघतात. बोट कुणी मागत नाही.

"कुठलं?" मी विचारलं.

"ज्यांनी मिठाची चिमूट धरतीस त्यातलं. पहिलं."

मी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. बाईंनी कनवटीतून पांढऱ्या दोऱ्याची गुंडी काढली. त्यांचं नाव गजराबाई. विधवा, उंच, उन्हानं रापलेल्या, हातावर गळाच्या दोरीनं पडलेले जुने वण. मुलासाठी, सोपानसाठी, मुलगी बघायला त्या एकट्याच आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आईकडून रिकामी घागर मागून घेतली आणि कुणाला बरोबर न घेता खाली सीनेच्या डोहावर गेल्या. परत आल्या तेव्हा घागर भरलेली होती आणि तिच्या अरुंद तोंडातून दोऱ्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं. ते टोक त्यांनी माझ्या बोटाला बांधलं.

"आता डोळं मीट. आणि काय हाय ते सांग."

मी डोळे मिटले. आमचं घर भोयांचं. मी चालायला लागले तशी नदीत होते. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मासोळी असली की बोटाला काय लागतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. बारीक ठोका लागतो, मनगटाच्या नाडीसारखा. मी त्या ठोक्याची वाट बघत राहिले. गोठ्यात शेळी खोकली. आईच्या बांगड्या वाजल्या. माझी चुलत बहीण शेवंता मागे बसली होती, ती कानात कुजबुजली, "मासोळी हाय म्हण की. बाकीच्या पोरी तेच म्हणल्यात."

हे खरं होतं. आमच्याच गावात त्यांनी आधी दोन मुली बघितल्या होत्या. एकीनं सांगितलं होतं, मासोळी हाय, डावीकडं वळतीया. दुसरीनं सांगितलं होतं, मासोळी हाय आणि दमलीय.

"काही न्हाय," मी म्हणाले.

"नीट बघ."

मी पुन्हा श्वास रोखला. "काही लागत न्हाय."

वडील खाकरले. आई म्हणाली, "लाजतीय ओ ती."

बाईंनी दातानं दोरा तोडला, घागर उचलली आणि जशी भरून आणली तशीच डोहावर नेऊन रिती करून आणली. घागरीत काय होतं ते कुणालाच दिसलं नाही. परत येऊन त्या ओसरीवर टेकल्या, मग पाणी मागितलं, आणि पेला खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय."

लग्न झालं वैशाखात. "घागर बघून केलेली सून" म्हणून दोन्ही गावं मला हसत होती. निघताना आईनं पदर सारखा केला आणि कानात सांगितलं, "सासूम्होरं तोंड उघडू नको. घागरीचं एकदा खपलं, रोज खपणार न्हाई."

ते मी मनावर घेतलं. हीच चूक झाली.

सासर धरणाच्या फुगवट्यावर होतं. धरण भरून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी नदीची पोर. उन्हाळ्यात गुडघाभर होणारी आमची सीना, आणि इथं पलीकडचा काठ दिसायचा तो पुसट निळ्या रेघेसारखा. पहिले काही दिवस मी नुसती बघतच राहिले. हे पाणी कुठंच जात नव्हतं. सोपान हसायचा. "नदीला घाई असती. हे पाणी घरजावई हाय, बसून ऱ्हातं."

ह्या बसलेल्या पाण्यात भोयांच्या घरांनी जागा वाटून घेतल्या होत्या. प्रत्येक घराचा एक ठिय्या. आमचा ठिय्या सगळ्यांत खोल होता, जुन्या दगडी पुलाच्या वर. धरण होण्याआधीचा तो पूल पाच कमानींसकट पाण्याखाली उभा होता. तिथं जाळं टाकता येत नसे, दगडाला अडकून फाटायचं. तिथं फक्त गळ चालायचा, आणि गळाला लावायची ती जिवंत मासोळी. कारण थंडीत मोठा शिंगाळा त्या कमानींच्या अंधारात जाऊन बसायचा. शिंगाळा म्हणजे बिनखवल्याचा, लांब मिशांचा मासा, पाठीवर सुरीसारखा काटा. थंडीनं तो सुस्त होतो, शिकारीमागे धावत नाही. नाकासमोर काहीतरी जिवंत तडफडलं तरच तोंड उघडतो.

आणि जमातीचा एक नेम होता. पौषातल्या शाकंभरी पौर्णिमेपर्यंत ज्यानं त्यानं आपल्या ठिय्यावरचा एक मोठा मासा काढायचा, काठावरच्या साती आसरांच्या दगडांपुढं ठेवायचा आणि माशावर हात ठेवून म्हणायचं, "हा माझ्या हाताला लागला." मासा नाही आला तर ठिय्या दुसऱ्या घराला जायचा. आणि आसरांपुढं खोटं बोललं तर मासा येऊनही ठिय्या जायचा. बाकी कागद नाही, सही नाही.

त्या वर्षी पौर्णिमेला अकरा दिवस राहिले असताना सोपानच्या गळाला शिंगाळा लागला. होडीत घेताना माशानं उसळी मारली आणि पाठीवरचा काटा सोपानच्या उजव्या तळहातातून आरपार गेला. मासा निसटला. हात कोपरापर्यंत सुजला, दोन दिवस माणूस ओरडत होता. मग तालुक्याच्या दवाखान्यात ठेवला. हात वाचेल म्हणाले, पण महिनाभर दोरी धरायची नाही.

चार दिवस उरले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, चुलीपुढून उठता उठता सांगितलं, "उद्या आपण दोघी जाऊ. तू वल्हं मार, मी दोरी धरते."

"मी?"

"मग काय शेळीला नेऊ?"

सकाळी पाण्यावरून वाफ उठत होती. पत्र्याची होडी बर्फासारखी लागत होती. भोकं पाडलेल्या डब्यात बोटभर लांबीच्या वीसेक मासोळ्या ठेवून तो डबा आम्ही होडीच्या कडेला पाण्यात बांधला होता. एका अंगाला साखर कारखान्याची चिमणी आणि दुसऱ्या अंगाला टेकडीवरची चिंच अशी रेघ जुळली की खाली पूल. आत्याबाईंनी मान न वळवता सांगितलं, "थांब. टाक दगड." मी दोरीला बांधलेला नांगराचा दगड सोडला.

मी डब्यातून मासोळी घेतली आणि सवयीनं गळ तिच्या वरच्या ओठातून घातला.

"हे काय?" आत्याबाई म्हणाल्या. "ही नदी न्हवं. वाहत्या पाण्यात तोंडातनं घालत्यात, हितं पाठीतनं. पंखाच्या मागं, नुसतं कातडं धरून. मंजी ती मोकळी फिरंल, चारी अंगांनी."

मी निमूट गळ पाठीतून घातला. शिशाचा गोळा दोरी खाली घेऊन गेला. पस्तीस हात. आत्याबाईंनी दोरी उजव्या हातात धरली आणि एक गोष्ट केली जी मी कधी पाहिली नव्हती. दोरीचा पीळ त्यांनी आपल्या गालाला लावून धरला, कानाच्या जरा खाली, डोळे मिटून. कुणी फार जवळचं माणूस हळू बोलत असावं तशा त्या ऐकत होत्या.

"गालाला का लावता?" मी विचारलं.

"सवय हाय."

मला ते नवल वाटलं. सोपान बोटावर धरायचा, माझे वडील बोटावर धरायचे, जगातला प्रत्येक भोई बोटावर धरतो.

दुपारी म्हादूनाना होडी घेऊन जवळून गेले. नाना जमातीतले पंच, आणि त्यांचा ठिय्या आमच्या शेजारचा. आमचा गेला असता तर त्यांनाच मिळाला असता, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि नानाही ते लपवत नसत.

"काय गजरावहिनी, सुनेला थंडी खायला आणलीय?"

"तुमच्यासारखं गोधडीत बसून मासा कुठं मिळतो, नाना."

"कालव्याला पाणी सुटलंय बरं का. गहू भिजाय लागला. त्यो आवाज ऐकून मासा भितो म्हणत्यात."

"कालव्याचं तोंड हितनं दोन कोस. मासा काय, तुम्हाला तरी ऐकू येतंय का?"

नाना हसत निघून गेले. त्यांच्या होडीचं वल्हं लांब जाईपर्यंत आत्याबाई गालावरून दोरी काढत नव्हत्या.

होडीच्या काठावरून दोरी आत येत होती ती माझ्याजवळूनच. बसल्या बसल्या मी तिच्यावर सहज बोट ठेवलं. मासोळी खाली जाऊन थोडाच वेळ झाला होता, ठोका लागत होता. मग तो बारीक झाला. मग थांबला. मी बोट ठेवूनच राहिले. काही नाही. खाली मासोळी मेली होती.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून, दोरी गालाला लावून, शांत बसल्या होत्या. मला वाटलं, त्यांना माहीत असणार. एवढी जुनी बाई. मेलेल्या मासोळीवर बसण्यात ह्या पाण्याची काही तरी रीत असेल. आईचे शब्द कानात होते. मी गप्प बसले.

उन्हं कलल्यावर दोरी वर घेतली. मासोळी पांढरी पडलेली, ताठ.

"दमली का?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांचं लक्ष काठाकडे होतं.

"हो," मी म्हणाले आणि ती पाण्यात टाकली.

दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. फक्त माझं कुतूहल मला बसू देईना. मासोळ्या मरत का होत्या? डब्यातल्या तर चांगल्या टणक होत्या, वरच्या गार पाण्यात दिवसभर उड्या मारत होत्या. खाली गेल्या की घटकाभरात संपत होत्या. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम सुरुवातीपासून बोट ठेवलं, मासोळी जिवंत होती तेवढा वेळ. आणि मला एक गंमत लागली. मोकळी फिरणारी मासोळी चारी बाजूंना ओढते. ही ओढत होती ती एकाच बाजूला, चिंचेकडं. धरणाच्या उलट अंगाला. ओढायची, हरायची, पुन्हा तिकडंच ओढायची.

असं ओढणं मला पाठ होतं. पण ते इथं असायला नको होतं. घरी येताना वल्हं मारता मारता मी त्याचाच विचार करत होते आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते.

त्या संध्याकाळी आत्याबाई जेवल्या नाहीत. ओसरीत बसून त्या सोपानची दोरी गुंडाळत होत्या. मध्येच म्हणाल्या, "त्याचा आजा त्या पुलावर बसून गळ टाकायचा. पाण्यात न्हवं, पुलावर. मी नवी नवरी हुते तवा. सगळं गेलं, तेवढी पाच कमानीची जागा राहिली." त्यांनी दोरीचा आणखी एक वेढा घातला. "ती गेली तर सोप्या कारखान्यावर मोळ्या वाहील. भोयाचं पोर मोळ्या वाहील."

चौथा दिवस पौर्णिमेचा. आम्ही उजाडतानाच गेलो. काठावर आसरांच्या दगडांना शेंदूर लावून झाला होता, बायका नैवेद्याची तयारी करत होत्या. आमचं घर सोडून सगळ्यांचे मासे आधीच झाले होते. म्हादूनानांनी आपली होडी आमच्यापासून दोन दोऱ्यांच्या अंतरावर आणून उभी केली. शेवटच्या दिवशी पंचानं बघायचं असतं.

"मी गप बसतो, वहिनी. तुमचं चालू द्या."

"तुम्ही आणि गप. ते बघायला तरी मासा वर येईल."

मासोळी खाली गेली. ठोका. चिंचेकडे ओढ. बारीक. मग काही नाही. सूर्य चिमणीच्या वर आला. आत्याबाईंच्या गालावर दोरीचा पीळ उमटला होता. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली. त्या आसरांची नावं घेत होत्या, एकामागून एक. मेलेल्या मासोळीवर.

मला ते बघवेना.

"आत्याबाई," मी हळूच म्हणाले, "मासोळी मेलीय."

त्यांनी डोळे उघडले. "कधी?"

"मघाच. सूर्य चिमणीखाली हुता तवा."

"आणि काल?"

मी मान खाली घातली.

"काल?"

"काल बी. परवा बी. तिन्ही दिस मेलेल्यावर बसलोय आपण."

त्या ओरडतील असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. नाना ऐकतील म्हणून आवाज आणखी खाली आणला, एवढंच.

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तुम्हाला लागत असंल."

आत्याबाईंनी दोरी खाली ठेवली आणि आपला उजवा हात माझ्यापुढं धरला. पाची बोटांची टोकं गुळगुळीत, मेणासारखी. "दाब," त्या म्हणाल्या. मी दाबलं. "नखानं दाब." मी नखानं दाबलं. बोटाला वळ पडला. त्यांचा चेहरा तसाच.

"दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "चुलीतलं लाकूड धरलं तरी कळत न्हाय. गालाला जरा लागतं. तेवढंच. सोप्याला ठावं न्हाय, कुणालाच ठावं न्हाय. हाताला कळत न्हाय त्याचा ठिय्या कोण ठेवंल?"

खाली पाणी होडीच्या पत्र्याला चुळूक चुळूक लागत होतं.

"तीन गावं फिरले मी तुझ्यासाठी. अकरा पोरी बघितल्या. सगळ्या म्हणाल्या, मासोळी हाय. तू एकटी म्हणालीस, काही न्हाय. तवा ठरवलं, हिला न्यायची. ही सांगंल मला. आणि तू तीन दिस गप बसलीस. मी आपली समजत हुते, सून गप हाय, मंजी मासोळी जिती हाय."

रडायला मला वेळ नव्हता. आधी ते सांगायचं राहिलं होतं, जे तीन दिवस पोटात घेऊन मी फिरत होते.

"आत्याबाई, खाली पाणी वाहतंय."

"धरणाचं पाणी वाहत न्हाय."

"हे वाहतंय. मासोळी चिंचेकडंच ओढती, दुसरीकडं जातच न्हाय. मासा वाहत्या पाण्यात येणाऱ्या पाण्याकडं तोंड करून ऱ्हातो. पाठीत गळ घातला की ती आडवी पडती, झुंजून झुंजून मरती. कालव्याला पाणी सुटलंय तवापासनं खालचं पाणी कमानीतनं ओढतंय. जुनी नदी हाय ती. खाली हाय अजून."

आत्याबाई पाण्याकडे बघत राहिल्या. पस्तीस हात खाली, जिथं काहीच दिसत नव्हतं.

"पुलावर बसून आम्ही तोंडातनंच घालायचो," त्या म्हणाल्या, आपल्याशीच. मग माझ्याकडे वळल्या. "घाल तोंडातनं."

मी सगळ्यांत टणक मासोळी निवडली. गळ वरच्या ओठातून. शिसं खाली गेलं. दोरी आत्याबाईंनी हातात घेतली, नाना बघत होते म्हणून. माझं बोट मागे, होडीच्या काठावर, पदराखाली.

"लागलं की पाय दाब माझा," त्या म्हणाल्या.

ठोका लागला. चिंचेकडे ओढ, पण आता हरणं नव्हतं, पाण्यात सरळ उभं राहणं होतं. मी तशीच बसले. ऊन पाठीवर आलं. ठोका चालूच. मासोळी जगली होती. आत्याबाईंनी न विचारता विचारलं, फक्त भुवईनं, आणि मी मानेनं सांगितलं, हाय.

दुपार टळली. काठावरून आरतीच्या ताटांचा आवाज येऊ लागला. आणि अचानक ठोका वेडावाकडा झाला. मासोळी चिंचेची दिशा सोडून चारी बाजूंना पळायला बघत होती. मग एकदम गप्प झाली. मेलेली नव्हे. मेलेल्याचं गप्प वेगळं, सैल असतं. हे घट्ट होतं, दारामागे लपलेल्या पोरासारखं.

"आलाय," मी ओठ न हलवता म्हणाले. "तोंडाशी हाय."

मग दोरी जड झाली. नुसती जड, ओलं पोतं टेकावं तशी. मी आत्याबाईंच्या पायावर माझा पाय दाबला.

त्यांनी असा हिसका दिला की होडी कलंडली. दोरी कापत पाण्यातून धावली. त्या ओढत होत्या, मी मागे गुंडाळत होते. मी सांगत होते, "सोडा, पळतोय. आता ओढा. कमानीकडं चाललाय, ओढा, ओढा." त्यांच्या दंडात अजून सगळं बळ होतं. फक्त बोटं माझी होती.

वर आला तेव्हा आधी मिशा दिसल्या, मग ते सपाट डोकं, माझ्या मांडीएवढं. आत्याबाईंनी वाकून त्याला कल्ल्यातून धरला आणि होडीत घेतला. म्हादूनाना आपल्या होडीत उभे राहिले होते.

काठावर सगळी जमात आसरांच्या दगडांपाशी जमली होती. आम्ही मासा दगडांपुढं ठेवला. सात दगड, शेंदूर ओला. आत्याबाई गुडघ्यावर बसल्या. त्यांनी उजवा हात माशावर ठेवला आणि तोंड उघडलं.

"वहिनी," म्हादूनाना म्हणाले, "हाताचं बघा."

आत्याबाईंच्या तळहातातून रक्त वाहत होतं. अंगठ्याच्या खाली काटा खोल घुसून मोडला होता आणि त्याचं टोक बाहेर दिसत होतं. असल्याच काट्यानं सोपान दोन दिवस ओरडला होता. आत्याबाईंनी हात उचलून पाहिला, कुणा दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ राहिली असावी तसा. सगळी माणसं तो हात आणि तो चेहरा बघत होती.

आत्याबाईंनी हात पुन्हा माशावर ठेवला. "हा माझ्या..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. एक वाक्य होतं. रोज देवाला म्हणतात त्याहून सोपं. त्यांची नजर मला शोधत आली.

"कौसा," त्या म्हणाल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. "काय हाय ते सांग."

मी आठ महिन्यांची सून. समोर पंच, मागे चाळीस माणसं, डोक्यावर पदर. मी खाली बसले आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला.

"ह्याला आत्याबाईंनी ओढला," मी म्हणाले. "पण लागला माझ्या बोटाला. त्यांच्या बोटांत काही न्हाय."

कुणीतरी बाई मागे पुटपुटली. म्हादूनाना पुढे आले, वाकले, आणि आधी आत्याबाईंच्या तळहातातलं काट्याचं टोक धरून उपसून काढलं. आत्याबाईंनी डोळासुद्धा मिटला नाही.

"मला ठावं हुतं," नाना म्हणाले. "दोन थंड्या बघतोय, दोरी गालाला लावताय. आज सून पाय दाबती ते बी बघितलं. तुम्ही माझ्या हाताला लागला म्हणाला असतात तर मी हितंच सांगणार हुतो, खोटं हाय. आणि ठिय्या माझा झाला असता." त्यांनी काटा पाण्यात फेकला. "मला हवा बी हुता."

"मग आता?" आत्याबाईंनी विचारलं.

"आता काय? सुनेचा हात घरचा न्हवं तर काय माझ्या घरचा? लावा कुंकू माशाला. पोरं उपाशी हायत."

त्या संध्याकाळी तळहाताला हळद बांधून आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. शिंगाळ्याचं कालवण उकळत होतं. ज्याला काटा घुसलेला कळला नव्हता तो हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत होत्या, राग नाही, नवल केल्यासारख्या. दहा महिने एक प्रश्न माझ्या मनात होता. आज विचारायला हरकत नव्हती.

"आत्याबाई, त्या दिवशी घागरीत काय हुतं?"

"घागरीत?" त्यांनी कालवणात पळी फिरवली. "मासोळी हुती."

मी हातातली ताटली खाली ठेवली.

"तुमच्याच डोहातली, ओंजळीनं धरलेली. गार पाण्यात घागरीच्या बुडाला बसली भिऊन. हलली न्हाय."

"मंजी मी चुकले हुते."

"चुकलीसच की. बाकीच्या पोरी बरोबर हुत्या." त्यांनी माझ्या ताटलीत डोक्याकडचा मोठा तुकडा वाढला, जो घरात नेहमी कर्त्याला वाढतात. "पण त्यांच्या बी बोटाला काही लागलं नव्हतं. खा, गार हुतंय."